बारा हातांची भित्री काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे आणि जन्माची भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही म्हणायला नको की एवढ्याशा गोष्टीला काय घाबरायचं! भिणं हे माझं कामच होतं. नाईल नदीवर शिडाच्या नावा चालतात. नावेच्या पुढच्या टोकावरून पाण्यात उतरायचं, तळाला पाय टेकवायचा आणि पाणी किती हात आहे ते सांगायचं, यासाठी मला घडवलं. इथले नावाडी मला मिद्रा म्हणतात. तुम्ही नुसतं काठी म्हटलंत तरी चालेल.

मूळची मी सुरूचं झाड. एस्ना गावाबाहेर कालव्याच्या काठी वारा अडवायला लावलेल्या रांगेत उभी होते. दियाब नावाच्या नावाड्याने मला हेरलं, तोडलं, सावलीत वाळवलं आणि पोटभर जवसाचं तेल पाजलं. बारा हात भरले मी. तळाशी त्याने मला लोखंडाचा बूट घातला आणि हाताहातावर एकेक खाच पाडली. मग मुलाला, शाझलीला, हाक मारून मला त्याच्या हातात दिलं. म्हणाला, "हिला कधी लाजू नकोस. पाणी आपलं ओळखीचं आहे असं वाटलं ना, की त्या दिवशी दोनदा मोज."

शाझली तेव्हा विशीचा होता. पुढे तो नावेचा मुख्य झाला, लोक त्याला रय्यिस शाझली म्हणू लागले. त्याच्या हाताखाली मी वर्षानुवर्षं राबले. रेतीला टेकले की खस्स असा आवाज यायचा, गाळात गचकन रुतायचे आणि दगडावर ठण्ण वाजायचे. ठण्ण झालं की माझ्या काळजाचं पाणी व्हायचं, पण शाझली मात्र मला थोपटायचा आणि म्हणायचा, "शाब्बास, वाचवलंस." तेवढ्यावर मी पुढचे कितीतरी दिवस खूश असायचे.

मग नाव पांढरी झाली. लक्सरहून एक नवे मालक आले. त्यांनी नावेत खोल्या काढल्या, गाद्या घातल्या, आणि मडकी वाहणारी आमची 'निअमा' आता जुनी देवळं बघायला निघालेले पाहुणे वाहू लागली. मालकांना मी फार आवडले, हेच माझं दुर्दैव. त्यांनी मला वरून खालपर्यंत पांढरा रंग दिला, दोनदा दिला. माझ्या सगळ्या खाचा रंगाने बुजल्या. मग मध्यावर दोन खिळे ठोकून लाल-हिरव्या फिती बांधल्या आणि मला सुकाणूजवळच्या कठड्याला आडवी अडकवली. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. त्या खिळ्यांपाशी मला बारीक तडा गेला होता, तो कुणी पाहिला नाही.

शाझलीने मला सोडवलं असतं. पण मधे एक गोष्ट घडली होती. एकदा भर धक्क्यासमोर तो मला पाण्यात घालून मोजत असताना शेजारच्या नावेवरून रय्यिस हमदान ओरडला, "काय शाझली, मसुरीचं सार ढवळतोयस का? मीठ घातलंस का?" सगळा धक्का हसला. आमच्या भागात असंच आहे. इथल्या रय्यिसने पाण्याचा रंग बघून खोली सांगायची. काठी घालतो तो कच्चा. पुढचं वर्षभर शाझली दिसला की कुणी ना कुणी मिठाचं विचारायचंच. त्या दिवसापासून त्याने लोकांदेखत मला हात लावला नाही.

लोकांदेखत म्हणते आहे मी. कारण एका हिवाळ्यात तो पहाटे, सगळे झोपेत असताना, मला सोडवून हळूच पाण्यात घालू लागला. मला आधी आनंद झाला. मग माझ्या लक्षात आलं की तो माझ्याकडे बघतच नाही. बुजलेल्या खाचांवरून तो अंगठा फिरवायचा, ओल कुठवर आली ते तळव्याने चाचपायचा आणि ओठांतल्या ओठांत आकडा म्हणायचा. एकदा त्याने धक्क्यावरच्या खांबाला हात वर करून सलाम केला आणि खांब काही बोलला नाही म्हणून नाराज झाला.

मित्रांनो, तेव्हा मला जी धडकी भरली ती अजून गेलेली नाही. रय्यिसचे डोळे गेले होते. नावेवर अठरा माणसं होती आणि हे फक्त दोघांना माहीत होतं. एक मी. दुसरा बखीत.

बखीत आमचा आचारी, शाझलीचा लहानपणापासूनचा दोस्त. तो रोज नावेच्या टोकावर कांदे सोलत बसायचा आणि मोठमोठ्याने बडबडायचा. डावीकडे तो बगळा बघा कसा गुडघाभर पाण्यात आळसावून उभा आहे, उजवीकडे पाणी कसं काळंभोर दिसतंय, असं काहीबाही. पाहुण्यांना वाटे, काय गमत्या म्हातारा आहे. मागे सुकाणूवर शाझली ऐकायचा आणि नाव उजवीकडे घ्यायचा. कांदे सोलून झाले तरी बखीत उठायचा नाही. शाझलीला एकच भीती होती. हे कळलं तर आपल्याला काठावर उतरवतील, आणि काठावर बसून आपण करायचं काय? ही भीती त्याने इतकी घट्ट लपवली होती की नदीची भीती धरायला त्याच्याकडे जागाच उरली नाही.

जानेवारी आला. जानेवारीत अस्वानच्या धरणातून पाणी कमी सोडतात, नदी उतरते आणि तळातले उंचवटे वर येतात. त्या फेरीला कैरोहून विदादबाई आल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला होता. कोम ओम्बोच्या देवळाचा धडा त्यांना तोंडपाठ होता, पण देऊळ बघायचा योग निवृत्त झाल्यावर आला होता. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि रय्यिसला हळूच म्हणाल्या, "बाकीचे हसले की तुम्ही जरा उशिरा हसता. फळा न दिसणारी मुलं असंच करतात."

शाझलीच्या हातातलं सुकाणू हललं. तो म्हणाला, "बाई, अस्वानपर्यंत कुणाला सांगू नका. ही शेवटची फेरी. मग मी आपणहून उतरेन."

बाई म्हणाल्या, ठीक आहे. त्यांनाही त्यांचं देऊळ बघायचं होतं. बोललो तर नाव इथेच थांबेल, हे त्यांना कळत होतं. मी कठड्यावरून सगळं ऐकलं. मला ओरडावंसं वाटलं, पण काठीला तोंड कुठलं?

तिसऱ्या दिवशी सकाळपासून वाळवंटावरून धूळ उडत होती. आभाळ पिवळं झालं, सूर्य पितळी ताटलीएवढा दिसू लागला. सिलसिला नावाच्या जागी नदी दोन्हीकडच्या कातळांमध्ये अरुंद होते. देवळांसाठी दगड काढायच्या जुन्या खाणी तिथे आहेत आणि त्यांतले धोंडे पाण्यातही पडलेले आहेत. काठाशी हमदानची नाव बांधलेली होती. धूळ बसेपर्यंत तो शहाण्यासारखा थांबला होता. आमच्या नावेवर रय्यिसच्या खालोखालचा माणूस म्हणजे अवद, शाझलीचा मेहुणा. तो म्हणाला, "दाजी, आपणही थांबू या का?"

शाझली एवढंच म्हणाला, "नको." आपण थांबलो तर लोक विचारतील, तुला काय दिसत नाही का? हा विचार त्याने बोलून दाखवला नाही, पण माझ्या शेजारच्या कठड्यावर त्याची बोटं आवळली गेली ती मला कळली.

बखीत तेव्हा खाली होता. जेवणाची वेळ झाली होती, भात चुलीवर होता. टोकावर कुणीच नव्हतं. उत्तरेचा वारा शिडांत भरला होता आणि आम्ही भरधाव निघालो होतो. तेवढ्यात समोरच्या धुळीतून भोंगा वाजला. पाहुण्यांचं एक चार मजली जहाज नदीच्या ऐन मधून आमच्यावर येत होतं. बाजूला व्हायलाच हवं होतं. शाझलीने नाव डाव्या काठाकडे वळवली, कारण चाळीस वर्षं तिथे सात हात पाणी असायचं.

मी त्या पाण्यावर लटकत होते. खाली पिवळट काहीतरी सरकताना मला दिसत होतं आणि माझ्या अंगातली शीर न् शीर म्हणत होती, इथे सात हात नाही. इथे सात हात नाही. भीतीने मी फितींसकट थरथरत होते. पाहुणे म्हणाले, वाऱ्याने किती छान हलते आहे बघा.

विदादबाई धावत आल्या. त्या म्हणाल्या, "रय्यिस, चूक माझीही आहे, मी कालच बोलायला हवं होतं. आता सांगा, खाली किती पाणी आहे?"

शाझलीने काठाकडे तोंड वळवलं. काठावर हमदानची माणसं आमच्याकडेच बघत उभी होती. मला वाटलं, संपलं, हा माणूस हसण्याला भिऊन आपल्या सगळ्यांना बुडवणार. आणि मग तो एकदम मोठ्याने, दोन्ही काठांना ऐकू जाईल असा बोलला.

"अवद, सुकाणू धर. मला दिसत नाही."

अवद बघतच राहिला. मग धावला. खलाशी शिडं गुंडाळू लागले. शाझलीने मला कठड्यावरून ओरबाडून काढलं, फितींच्या गाठी सुटेनात तेव्हा दातांनी तोडल्या, आणि मला घेऊन चाचपडत टोकावर गेला. बखीत पळत वर आला, त्याने दोस्ताची कंबर मागून धरली. मी पाण्यात उतरले.

"पाच," शाझली ओरडला. माझ्यावर एकही आकडा दिसत नव्हता. रंगाखालच्या खाचा ओळखणारा तळवा सगळ्या नावेवर एकच होता. "चार. साडेतीन. तीन."

ठण्ण.

"दगड! उजवीकडे, अवद, पूर्ण उजवीकडे!"

नाव वळेना. शाझलीने माझा पाय धोंड्यावर टेकवला आणि खांद्याने रेटलं, बखीतने रेटलं, दोन खलाशी आले, त्यांनी रेटलं. अठरा माणसांचं ओझं माझ्या अंगावर आलं. खिळ्यांपाशी मी कडाड्कन मोडले. माझा वरचा अर्धा, फितींच्या उरलेल्या चिंध्यांसकट, नदीत पडला आणि वाहत गेला. पण तोवर नाव हातभर सरकली होती. धोंडे बुडाला खरवडत गेले, तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग खरवडणं थांबलं. मोठं जहाज बाजूने निघून गेलं. त्यातल्या लोकांनी आम्हाला हात हलवले.

बखीत खाली बसून रडू लागला आणि म्हणाला, भात करपला. शाझली मला छातीशी धरून उभा होता. मी आता सहा हातांचीच उरले होते.

संध्याकाळी अवदने नाव कोम ओम्बोला लावली. शाझली चाळीस वर्षं त्या धक्क्याला येत होता, पण देऊळ त्याने कधी पाहिलं नव्हतं. पाहुणे जायचे आणि नावाडी नावेतच थांबायचे. विदादबाई म्हणाल्या, आज तुम्ही माझ्याबरोबर चला. त्याने मला आधाराला घेतलं. बाईंनी खांब नाही दाखवले की मूर्ती नाही दाखवल्या. त्या त्याला थेट आवारातल्या एका खोल दगडी विहिरीपाशी घेऊन गेल्या, त्याचा तळवा दगडावर ठेवला आणि म्हणाल्या, "नदी किती चढली, किती उतरली, हे ते लोक इथे मोजत. एवढं मोठं देऊळ बांधणारी माणसं, रय्यिस. तीही रोज मोजत होती."

शाझली दगडावरून हात फिरवत राहिला. मग त्याने तोच हात माझ्या खाचांवर ठेवला. त्याचे गाल ओले झाले होते आणि त्याने ते पुसले नाहीत.

अस्वानच्या डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर झाला. दोन वर्षं आधी आला असता तर काही करता आलं असतं. ज्याला तो इतका घाबरत होता तेच झालं, त्याला काठावर उतरावं लागलं. 'निअमा' आता अवद चालवतो. आम्ही दोघं एस्नाजवळच्या गावात, घाटाच्या पायऱ्यांशी राहतो. त्याने विळ्याने माझा सगळा पांढरा रंग खरवडून काढला आणि मला पुन्हा तेल पाजलं. रोज सकाळी तो मला शेवटच्या पायरीवरून पाण्यात उभी करतो. इथे पाणी किती, त्यावरून पुढच्या उंचवट्यांवर किती, हे त्याला पाठ आहे. सुरुवातीला तो एकटाच आकडा म्हणायचा. ऐकायला कुणी नव्हतं. मला भीती वाटायची की हे असंच चालायचं आणि एक दिवस आम्ही दोघं इथेच कुजून जाणार.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी कामाची वस्तू असेल. तिला नटवून भिंतीला टांगू नका, तिला वापरा, तेल द्या. आणि भीती वाटली तर लाज धरून ती गिळू नका, कुणाला तरी सांगा. मी लाकूड आहे, मला सांगता आलं नाही. तुम्हाला येतं.

गेल्या जानेवारीत नदी पुन्हा उतरली. एका सकाळी हमदानची नाव पाहुण्यांनी भरून आली. आमच्या घाटासमोर आल्यावर तिची शिडं सैल झाली. शाझली आवाजावरून नावा ओळखतो. त्याने मान खाली घातली, आता मिठाचं विचारणार म्हणून मीही अंग चोरून उभी राहिले. हमदान सगळ्या पाहुण्यांदेखत उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्याने विचारलं,

"शाझली, आज किती?"

शाझलीने मला पुन्हा एकदा तळाला टेकवलं, ओल चाचपली आणि दोनदा मोजून सांगितलं, "अडीच. जपून जा."