मिठात गेलेला वारा

मी एक जुना बर्फाचा तुकडा आहे आणि या क्षणी धुळ्यात, हाशमचाचांच्या कुल्फीच्या कारखान्यात, एका काचेच्या ग्लासात तरंगतो आहे. मित्रांनो, हे वाक्य बोलताना माझं मलाच खरं वाटत नाही. कुठे दक्षिण ध्रुवाकडचा किनारा आणि कुठे धुळे! त्यातही मे महिन्यातलं धुळे, जिथे दुपारी कावळासुद्धा सावली सोडायला तयार नसतो. माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून भराभर सांगतो.

जुना म्हणजे किती जुना? तुमच्या पणजोबांच्या पणजोबांचाही जन्म झाला नव्हता, तेव्हा मी बर्फाळ समुद्रकिनाऱ्यावर हिमाच्या रूपाने पडलो. माझ्यावर पुढच्या वर्षीचं हिम पडलं, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचं. थरावर थर दाबत गेले आणि मी कडक होत गेलो. तिथे झाड नाही, पाखरू नाही, बोलायला कोणी नाही. होता तो फक्त वारा. समुद्र खवळला की तो लाटांचं खारं पाणी उडवायचा आणि त्यातलं मीठ माझ्या अंगावर आणून टाकायचा. वारा समुद्रावरून जोराने आला की मीठ जास्त, दुसरीकडून आला की मीठ कमी. कधीकधी फार दूरच्या वाळवंटातली बारीक धूळही यायची. हे सगळं मी वर्षावर्षाच्या थरात जपून ठेवलं. त्या काळी वारा मोजायला तिथे दुसरं होतंच कोण?

मग एक दिवस डोक्यावर घरघर झाली. लोखंडी नळी खाली आली आणि मला गोल कापून वर घेऊन गेली. इतक्या वर्षांनी ऊन पाहून मी भांबावलो. वर जाड कपड्यांत गुंडाळलेली एक मुलगी उभी होती. तिने मला तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांत घेतलं. तीच पुनम, भडगावची. गिरणेच्या काठावर वाढलेली पोर माझ्यासाठी तिथवर आली होती.

पुनमला एकच गोष्ट हवी होती. माझ्या वरच्या थरांत एक वारा होता, खालच्या थरांत दुसराच. मधे कधीतरी वारा फिरला होता. पण तो हळूहळू फिरला की एकदम? ते वळणाचं वर्ष माझ्या पोटात होतं. शेजारच्या भोकातून काढलेला त्याच खोलीचा बर्फ वर येताना फुटून गेला होता, त्यामुळे साक्षीदार मी एकटाच उरलो होतो. "हा बोलला की सगळं कळेल," असं ती सगळ्यांना सांगायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

जहाजातून मी बंदरावर उतरलो आणि तिथून त्याच नळीने काढलेल्या माझ्या भावंडांबरोबर थंड पेटीच्या ट्रकमध्ये बसलो. उत्तरेकडच्या एका प्रयोगशाळेत जायचं होतं. पुनम पुढे, ड्रायव्हर झुलालभाऊंच्या शेजारी बसली होती. घाट झाला, चाळीसगाव फाटा मागे पडला, आणि धुळ्याच्या अलीकडे ट्रकचं थंडीचं मशीन खोकलं आणि गप्प झालं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. आमच्या खोक्यांभोवतीची हवा कोमट होऊ लागली, तेव्हा मित्रांनो, मला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली.

दुसरी गाडी संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. पुनमने फोन लावून लावून पाहिले. उन्हाळ्यात कोणाच्या फ्रीजरमध्ये जागा असते? शेवटी झुलालभाऊ म्हणाले, "हाशमचाचाकडे चाल ताई. तो नाही म्हणनार नही."

आणि हाशमचाचा खरोखर नाही म्हणाले नाहीत. लग्नसराईसाठी तयार केलेल्या कुल्फीचे साचे त्यांनी फ्रीजरमधून भराभर बाहेर काढले. त्यांच्या पत्नी सुगराबीचाची त्या साच्यांकडे एकदा बघून घेऊन म्हणाल्या, "जाऊ द्या. कुल्फी पुन्हा बनस." माझी भावंडं आत गेली. पण शेवटचं खोकं काही केल्या बसेना. ते खोकं माझं होतं.

कोणीतरी एका आइस्क्रीमवाल्याचा पत्ता दिला होता, तिकडे पुनम झुलालभाऊंबरोबर धावली. जाताना चाचांना म्हणाली, "चाचा, याले फक्त थंड ठेवा."

चाचांनी तेच केलं. आयुष्यभर जे करत आले तेच केलं. कुल्फीला मशीन नव्हतं तेव्हा त्यांचे अब्बा लाकडी पिंपात बर्फ फोडून भरायचे, त्यात मूठमूठ जाडं मीठ टाकायचे आणि मधे साचे रोवायचे. मिठाने बर्फ असा काही गारठतो की दूध दगडासारखं होतं. ते पिंप माळ्यावर अजून होतं. चाचांनी ते खाली काढलं, धुतलं आणि बर्फाच्या कारखान्यातून लादी आणवली. "थर्माकोलमा गार कसं लागी?" असं म्हणत त्यांनी मला पिशवीसकट खोक्यातून काढलं आणि बर्फात उभं पुरलं.

आणि वरून मीठ टाकलं.

मी ओरडलो हो! पण बर्फाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? माझ्या प्लास्टिकच्या पिशवीला वाटेत बारीक चीर गेली होती. त्या चिरेतून खारं पाणी आत शिरलं आणि माझ्या अंगाला भिडलं. जे मीठ मी शेकडो वर्षं कणाकणाने सांभाळलं, त्यावर इथलं मीठ मुठीमुठीने ओतलं जात होतं. सुगराबीचाची तर मायेने दर थोड्या वेळाने येत, पिंप हलवत आणि आणखी एक मूठ टाकत. "पोरीची चीज आहे, कमी पडायला नको," म्हणत. त्यांच्यावर रागावू तरी कसा?

पुनम रिकाम्या हातांनी परतली. पिंप बघताच ती दारातच थांबली. खाली सांडलेलं जाडं मीठ तिने बोटाने उचललं आणि जिभेला लावून बघितलं.

"चाचा, मीठ?"

"हा ना बेटा, भरभरून टाकं! पघळना नही बघ तो, जराबी!" चाचा हसत म्हणाले.

तिने मला बाहेर काढलं. वरचा थर सुरीने खरवडला, कारण बाहेरचा भाग बिघडला तरी आतला वाचतो. मलाही आशा वाटली. पण माझ्या मधोमध एक तडा होता आणि खारं पाणी त्यातून आरपार गेलं होतं. पुनमने सुरी खाली ठेवली. मग तिने चाचांना समजावलं की या बर्फात वाऱ्याने आणलेलं मीठच मोजायचं होतं. आता त्यातलं वाऱ्याचं कुठलं आणि पिंपातलं कुठलं, हे कोणालाच सांगता येणार नाही.

चाचा पिंपाशेजारी खाली बसले. सुगराबीचाचींनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! मन्हाच हातानी टाकं मी!"

"चूक मन्ही शे चाची," पुनम म्हणाली. "मिठाचं मी तुमले सांगंच नही. माले वाटनं, हे तर सगळासले माहीत ऱ्हास."

मित्रांनो, सगळ्यांत जास्त धक्का मला याच बोलण्याने बसला. तिथे कोणीच वाईट नव्हतं. ज्यांनी मला संपवलं त्यांनी माझ्यासाठी आपली कुल्फी वितळू दिली होती. म्हणून माझं एवढं ऐका. कोणाला सांभाळायचं असेल तर आधी विचारा, तुला काय सोसत नाही? आणि आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना तेही सांगून जा.

संध्याकाळी दुसरी गाडी आली. भावंडं गेली, मी राहिलो. जाण्याआधी पुनमने मला धुतलं, या ग्लासातल्या पाण्यात सोडलं आणि चाचांना ग्लास कानाशी धरायला सांगितलं. माझ्यात अडकलेली जुनी हवा तडतड करत सुटू लागली.

"काय सांगी राहिना हाऊ बरफ?" चाचांनी विचारलं.

"माले कळतं तर काय पाहिजे होतं, चाचा," पुनम म्हणाली, आणि डोळे पुसत गाडीत बसली.

गाडी गेली. चाचा अजून ग्लास कानाशी धरून बसले आहेत. मी आता बोराएवढा उरलो आहे. पुनमला जे कळलं नाही ते तुम्हाला सांगतो, कारण मी तिथे होतो. वारा हळूहळू फिरला नाही. वर्षानुवर्षं तो एकाच बाजूने यायचा आणि मला वाटायचं, हा असाच येत राहणार. मग एका हिवाळ्यात तो थांबला, आणि पुन्हा सुटला तेव्हा दुसऱ्याच बाजूने येत होता. मधे काही नव्हतं. एकदम फिरला. कोणीतरी पुनमला एवढं सांगा.