राडिचच्या दुकानाचं दार

मित्रांनो, मी अमेरिकेत मोंटानातल्या एका तांब्याच्या खाणीच्या गावातलं जुनं ओक लाकडाचं दार आहे. येल्का राडिचच्या नवऱ्याने मला स्वतःच्या हाताने रंधलं आणि त्यांच्या किराणा दुकानाला बसवलं. खाणकामगार मला खांद्याने ढकलून आत येत आणि माझ्या हिरव्या रंगाचं कौतुक करत.

१९१८च्या शरदात इन्फ्लूएंझाची साथ आली. येल्काचा नवरा चार दिवसांत गेला. दुकानं बंद ठेवायचा हुकूम निघाला. साथीवर औषध नव्हतंच, म्हणून लोक कापूरच औषध मानून पोरांच्या गळ्यात बांधत. तान्ह्या मुलीला घेऊन ती आतच राहिली. एका सकाळी तिचा दीर स्टिपे कुऱ्हाड घेऊन आला.

"वहिनी, कापूर दे! पोरं निळी पडलीत!"

"संपला हो, भावोजी! देवाशपथ संपला!"

"खोटं! स्वतःच्या पोरीसाठी दडवलायस!"

तिसऱ्या घावाला मी फुटलो. भेगेतून येल्काने बंदूक झाडली. स्टिपे पायरीवर कोसळला, मांडीतून रक्ताचा पाट वाहू लागला. समोरच्या खिडक्यांमधून लोक बघत होते, पण साथीच्या धास्तीने एकही बाहेर आला नाही. शेवटी तीच धावली. एप्रन फाडून तिने जखम बांधली, तरी तो तिच्याच मांडीवर गेला. कापूर खरंच नव्हता. त्याची दोन्ही पोरं तिने घरी आणली. एकच वाचलं.

सुताराने फळी ठोकून मला सांधलं, मग कित्येक वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. रंग उडाला, बिजागऱ्या गंजल्या.

२०२०मध्ये दुकान येल्काची पणती दानित्सा चालवत होती. पुन्हा साथ, पुन्हा हुकूम, या वेळी मास्कचा. शेजारी राहणारा वेड नावाचा माणूस उघड्या तोंडाने आला.

"काका, मास्क लावा. नाहीतर बाहेर थांबा, मी सामान आणून देते."

"कालची पोर, मला शिकवतेस?"

त्याने तिचे केस धरले आणि तिचं तोंड माझ्यावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. तिचे दात माझ्या लाकडात रुतले.

मित्रांनो, स्टिपेने कुऱ्हाड उचलली ती जगात कुठेच नसलेल्या औषधासाठी. वेडने हात उचलला तो वीतभर कापड नको म्हणून.

दोन आठवड्यांनी वेडची बायको रडत आली. त्याला श्वास घेता येत नव्हता. दानित्साने सुजल्या तोंडाने अँब्युलन्स बोलावली. तो वाचला. एकदा येऊन माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. दानित्साने आतून कडीवर हात ठेवला आणि काढून घेतला. तिने मला उघडलं नाही.

साथ पुन्हा येईल. तेव्हा दारात उभं राहून तुम्हाला थांबवणाऱ्या माणसाला जपा. मी लाकूड आहे, सुतार मला सांधतो. दानित्साचा जबडा अजून नीट मिटत नाही.