सव्वापाच फुटांचा पलंग

ऑफिसात मला शिडी म्हणतात. उंची पाच फूट नऊ इंच, तेव्हा चिडण्यात अर्थ नाही. घरं विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी व्हिडिओ काढते आणि सोशल मीडियावर टाकते. आमच्याकडे एक नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात: सॅम्पल फ्लॅटमध्ये उंच माणूस कॅमेऱ्यासमोर नको. म्हणून मी फोनमागे आणि समोर आमची रिसेप्शनिस्ट, जी माझ्या खांद्याला लागते.

कारण साधं आहे. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग सव्वापाच फुटांचा असतो. आमचे सुतारकाका तो मुद्दाम तसा करतात, पातळ प्लायचा, वर जाडजूड गादी. कपाटं उथळ, दारं काढून ठेवलेली. खोली कशी ऐसपैस दिसते. चार वर्षं मी हे बिनबोभाट केलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

मग माझा एक व्हिडिओ ताईने बघितला.

ताईच्या सासूबाई व्हीलचेअरवर असतात. आत्ताच्या घरात ती खुर्ची बाथरूमपर्यंत जात नाही. भावजी त्यांना उचलून नेतात आणि सासूबाईंना दरवेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं. व्हिडिओत ताईला पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची जाईल एवढी वाट दिसली. भावजी सॅम्पल फ्लॅट प्रत्यक्ष बघून आले आणि रविवारी बुकिंग करायचं ठरलं.

कळल्या कळल्या मी ताईला फोन केला. पलंग, प्लाय, सुतारकाका, सगळं सांगितलं. खरा पलंग आला की ती वाट बंद होणार, हेही सांगितलं.

"तू व्हिडिओत खोटं बोलत होतीस की आता बोलतेयस?"

माझं चांगलं झालेलं तुला कधी बघवलंय का, असंही ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. राग आला, पण तिचं काय चुकलं? व्हिडिओ माझाच होता.

रविवारी आमच्या साहेबांनी तिथेच लाइव्ह ठेवलं. खरंखुरं कुटुंब, त्यात व्हीलचेअरवरच्या आजी. साहेबांना आकाश ठेंगणं झालं होतं. ताईने माझ्याकडे बघितलंही नाही. सासूबाईंनी पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची स्वतःच्या हाताने गर्रकन फिरवली, बाथरूमपर्यंत गेल्या, परत आल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. अकराशे माणसं बघत होती. स्क्रीनवर बदामांचा नुसता पाऊस. साहेबांनी भावजींच्या हातात पेन दिलं.

ते हसू मला बघवेना. मी फोन स्टँडवर लावला, चालत पुढे गेले, बूट काढले आणि पलंगावर आडवी झाले. डोकं उशाकडच्या फळीला टेकलं आणि पाय घोट्यापासून बाहेर लोंबायला लागले. एका मोज्याला भोक होतं. असू दे म्हटलं.

"चार वर्षं तुम्हाला या खोल्या मीच दाखवल्या," मी फोनकडे बघून म्हणाले. "मी कधी समोर का येत नव्हते, ते आज बघा. हा पलंग तुमच्या घरातल्या पलंगापेक्षा फूटभर आखूड आहे. मुद्दाम केलेला."

साहेबांनी आधी खुणा केल्या, मग दात ओठ खाल्ले. मी हलले नाही. शेवटी लाइव्ह चालू आहे हे विसरून ते ओरडलेच.

"ऊठ तिथून! तो झोपायचा पलंग नाहीये!"

भावजींचं पेन हवेतच राहिलं.

"मग कसला आहे?" सासूबाईंनी विचारलं.

साहेब फोन बंद करायला धावले. माझी नोकरी तिथेच गेली हे मला पडल्या पडल्या कळलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

सासूबाईंनी खुर्ची पुन्हा वळवली आणि बाथरूमकडे निघाल्या. खुर्ची माझ्या पायांना येऊन अडली. त्यांनी जोर लावला, मागे घेतली, परत पुढे आणली. त्यांचं हसू मावळलं होतं. मला ते सहन होईना. मी पाय आखडते घ्यायला लागले.

तेवढ्यात ताई येऊन पलंगाशी उभी राहिली. तिने माझा भोकाच्या मोज्याचा पाय घोट्याशी घट्ट धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांना नीट बघू दे."