एक आईकडून, एक बापाकडून

पुष्पलताने दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "मलाही होणार का, एवढंच सांगा."

स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी शहरातून आलेल्या पथकाने महिन्यापूर्वी जव्हारला मायलेकींचं रक्त घेतलं होतं. तेव्हापासून तिची झोप उडाली होती. नुसता चष्मा सापडला नाही तरी वाटायचं, झाली सुरुवात.

"आईंच्या रक्तात सूज दाखवणारे घटक वाढलेत," डॉक्टर म्हणाले. "आणि अल्झायमरचा धोका वाढवणारं जनुक त्यांच्यात जोडीनं आहे. दोन्ही तीच. तुमच्यात एकही नाही, सूजही नाही. खात्री कुणालाच देता येत नाही, पण तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका."

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा मोकळी हसली. रिपोर्ट उचलले, आभार मानले, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

बावीस वर्षं ती मोखाड्याच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवत होती. दर वर्षी फळ्यावर तेच: जोडीतलं एक जनुक आईकडून, एक बापाकडून. मठ्ठातल्या मठ्ठ पोराला समजेपर्यंत ती सोडायची नाही. आईकडची दोन्ही तीच असतील, तर लेकराला त्यातलं एक मिळणारच. न मिळून जाणार कुठे?

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागद मागून घेतले. या वेळी बराच वेळ पाहिले.

"दोनदा तपासलंय, मॅडम," ते हळू म्हणाले. "हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

तिने कागद परत घेतले. असल्या गोष्टींत शंका घ्यायची ती बापावर. आईवर कोण घेतं?

बाहेर बाकावर तिची आई, रखमी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. वर्षभर तिने एकच धोशा लावला होता: 'तू फागीची.' फागी कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुष्पलतानेच सगळ्यांना समजावलं होतं, की या आजारात माणूस काहीबाही बोलतं. जिला चहा प्यायलेला आठवत नाही, तिचं काय मनावर घ्यायचं.

ती आईशेजारी बसली.

"आय, फागीची पोर कुठं गेली गं?"

रखमीने परक्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. मग इकडंतिकडं पाहून जवळ सरकली.

"मीच घेतली. वीटभट्टीवर व्हतो आम्ही. फागी बाळतपनात गेली, पोर रडं. माझी सोताची पोर चार दिसांची व्हऊन मेलेली, अंगावर दूध व्हतं. मंग पाजली."

"गावाला नाय कळलं?"

"भट्टीवरून पोर घेऊन आलो. कोन इचारतंय?" रखमीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मास्तरीन हाय आता. लय हुशार."

मग ते हसू गेलं. तिने पुष्पलताचं मनगट घट्ट पकडलं.

"बाय, तू कोनाला बोलू नको. माझ्या पुष्पीला कळलं तं जाईल ती."

मांडीवरच्या रिपोर्टांच्या पुष्पलताने एका हाताने घड्या घातल्या. दुसरा हात आईने सोडला नव्हता.

"नाय बोलत," ती म्हणाली.