चिखलातली लाल गाडी

मित्रांनो, मी एक जुना, थकलेला पट आहे. खेळायचा पट. त्याआधी मी आश्रुबा गाडीवानाच्या बैलाच्या पाठीवरची झूल होतो आणि दर पोळ्याला मिरवायचो. आता मिरवायची हौस उरली नाही.

निजामाच्या राज्यात देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावातून सेलूच्या जिनिंगला, सरकी काढायच्या कारखान्याला, कापसाच्या गाड्या जायच्या. एकदा चाकाखाली येऊन आश्रुबाचा पाय जायबंदी झाला. बैल विकले गेले, झूल तेवढी राहिली. तो ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचा. "मरायच्या आधी एकदा सेलू गाठायचं होतं," एवढेच म्हणायचा.

म्हणून त्याची सून बायनाबाई आणि त्याच्या जोडीने गाड्या हाकणारे भुजंग व बन्सीधर यांनी त्याच्यासाठी नवा खेळ करायला घेतला. बायनाबाईने माझ्यावर दोऱ्याने सेलूचा रस्ता शिवला. भुजंगने बाभळीच्या लाकडाच्या इवल्या गाड्या कोरल्या. आश्रुबाची लाल. बन्सीधरने नियम केले: कवड्या टाकायच्या, चिखलाच्या घरात पडेल ती गाडी फसली, आणि आधी सेलू गाठेल तो जिंकला.

पहिल्याच डावात लाल गाडी चिखलात फसली. भुजंगला दान चांगले पडले, पण त्याचा हात काही पुढे सरकेना.

"आश्रुबातात्या फसलेत अन् मी म्होरं जाऊ?"

"आरं, खेळ हाय ह्यो," बन्सीधर म्हणाला.

"मग तू जा की!"

बन्सीधरही गेला नाही. फसलेली गाडी मागे टाकून जायची रीत आमच्या गाडीवानांत नव्हती, आणि नियम करताना बन्सीधर नेमके तेच विसरला होता. डाव तिथेच अडला.

"पुन्हा इचार करू," बन्सीधर म्हणाला. हे शब्द ऐकले की अजून माझ्या अंगावर काटा येतो. त्यांनी विचार करायचा आणि टाके माझे उसवायचे! त्यांनी चिखल काढून टाकला. सगळ्या गाड्या सुखाने पोचल्या आणि आश्रुबाने जांभई दिली. "ह्यो सेलूचा रस्ता न्हाई. चिखल कुठं हाय?" पुन्हा उसवणे, पुन्हा शिवणे. गाडी हाकून दमलेली माणसे संध्याकाळी यायची, हुज्जत घालायची आणि तशीच उठून जायची. मीही पार विटून गेलो होतो.

शेवटी बायनाबाईने सुई खाली ठेवली. "म्होरं जाववत न्हाई तर जाऊ नका. रस्त्यात फसलेल्याला लावता तशी आपली बैलजोडी मामांच्या लाल गाडीला लावा अन् वढा. समदे मिळून सेलूला पोचा, न्हाई तर समदेच हरा."

मग आश्रुबा हसला. लय दिवसांनी हसला.

सन अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात या नियमाचा पहिला डाव मांडला. लाल गाडी पुन्हा चिखलात. भुजंगची गाडी मदतीला निघाली, तेवढ्यात शेजारच्या गावात निजामाचे रझाकार लुटायला आल्याची बातमी आली. जो तो गाव सोडायच्या घाईला लागला. बायनाबाई मला गुंडाळू लागली.

"डाव मोडू नगं, बाई," आश्रुबा म्हणाला. तिने घाईघाईने सगळ्या गाड्या होत्या त्या घरात टाके घालून पक्क्या केल्या आणि मला त्याच्या मांडीवर दिले. भुजंगच्या गाडीत, वाटेतच, आश्रुबाचा हात माझ्यावर गार पडला.

पुढे सगळे शांत झाले, माणसे गावी परतली. बायनाबाईने मला माळ्यावर ठेवले. उघडायचा धीर तिला कधी झाला नाही, आणि तिच्यामागे मला कोणी ओळखले नाही. कसर लागली आहे, दोरे विरले आहेत.

मित्रांनो, मला धुऊ नका, सजवू नका. फक्त उघडा आणि ते टाके हळूच सोडा. आश्रुबाची गाडी अजून चिखलात उभी आहे. भुजंगची गाडी तिच्या मागे अवघ्या एका घराच्या अंतरावर आहे.