भरवशाला दहापैकी दहा

तोफेने डॉक्टरच्या गाडीचं बॉनेट इतक्या जोरात आपटलं, की पलीकडच्या भिंतीवरची कबुतरं उडाली.

"भरवशाला सात? कसले सात? दोन वर्षांत तीनदा ओढून न्यावी लागली ही! चार लिही. चारही जास्तच झाले."

"अरे, त्यातल्या एकदा नुसतं टायर फुटलं होतं," डॉक्टर म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस तोफेसमोर स्वतःचं तोंड फारसं उघडत नसे.

"टायर काय शेजाऱ्याच्या गाडीचं होतं?"

छापखानेवाल्याने निमूटपणे चार लिहिले. शनिवारी सकाळी बंद कचेरीच्या मागच्या आवारात हे तिघे जमत आणि वर्षातून एकदा आपापल्या गाड्यांना गुण देत. तक्ता छापखानेवाल्याचा, जाड कागदावर छापलेला, तीन रकान्यांचा: पैसा वसूल, भरवसा, देखणेपणा. शर्यतीच्या नाहीतर बड्या लोकांच्या गाड्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. रोज कामावर नेणारी, भाजी आणणारी, पाहुण्यांना स्टेशनवर सोडणारी गाडी कोणती चांगली, एवढ्यावरून ते हमरीतुमरीवर येत. त्यात सगळ्यात मोठा आवाज ज्याचा, त्याचं नाव तोफ पडलं होतं.

डॉक्टरची पांढरी गाडी देखणी, पण नखरेल. छापखानेवाल्याची छोटी लाल गाडी थेंबभर पेट्रोलवर पळायची, पण चार माणसं बसली की चढावर तिचा जीव जायचा. तोफेच्या राखाडी गाडीला देखणेपणाचे तीनच्या वर कोणी कधी दिले नाहीत. तिची मागची बाजू बघून डॉक्टर म्हणायचा, बनवणाऱ्याला तेवढ्यात जेवायला हाक मारली असणार. पण भरवशाला दहापैकी दहा. नऊ वर्षांत ती एकदाही रस्त्यात थांबली नव्हती.

या दहा गुणांवर तोफेचा जीव होता. त्याचा धाकटा भाऊ गॅरेज चालवायचा. गाडी घ्यायची ठरली तेव्हा धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "दादा, ही घेऊ नकोस. हिचा पाण्याचा पंप टिकत नाही. सहा महिन्यांत माझ्या दारात येशील." तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "तुला जन्मभर बिघडलेल्याच गाड्या दिसणार! तुझ्या दारात पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही." त्यानंतर दोघे बोलले नाहीत. गाडी मात्र चालत राहिली, आणि प्रत्येक किलोमीटरला तोफ खरा ठरत गेला.

"आता तुझी," छापखानेवाला म्हणाला आणि त्याने राखाडी गाडीचं बॉनेट उचललं. चष्मा कपाळावर सरकवून तो आत वाकला. "पंप नवा घातलास?"

"कसला नवा? कंपनीतून आलेला आहे तो."

"मग फारच चकचकीत राहिलाय बुवा. आणि ह्या रेघा कसल्या?"

तोफ वाकला. पंपाच्या बोल्टवर एक बारीक पिवळी रेघ होती, बोल्टच्या डोक्यावरून खाली पत्र्यावर उतरलेली. शेजारच्या बोल्टवर तशीच. बॅटरीच्या पट्टीच्या बोल्टवर तशीच.

लहानपणी दोघांत एक सायकल होती. धाकटा प्रत्येक नट आवळला की त्यावर रंगाची रेघ ओढायचा. नट हलला की रेघ तुटते, आणि ढिला झालेला लांबूनही कळतो. तोफ त्याला चिडवायचा, "नटांना नटवतोस काय रे?" दुसऱ्या कोणाला त्याने असं करताना पाहिलं नव्हतं.

"मग? भरवशाला दहाच ना?" डॉक्टरने विचारलं.

"पुढच्या शनिवारी बघू!" तोफ ओरडला. त्याने स्वतःचं बॉनेट डॉक्टरच्या गाडीपेक्षाही जोरात आपटलं आणि तो निघून गेला.

घरी बायको शर्टांना इस्त्री करत होती. बुधवारी गाडी तिच्याकडे असायची. ती बहिणीकडे जायची आणि येताना गाडी धुऊन आणायची. निदान तोफेला इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

"बुधवारी कुठे जातेस?"

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"बहिणीकडेच जाते. पण आधी गाडी भावजींकडे सोडते."

"किती वर्षं?"

"पहिल्या वर्षापासून. तुम्ही परगावी होतात, तेव्हा पंप गेला. मी भर चौकात अडकले, मागून हॉर्नवर हॉर्न. कोणाला फोन करायचा होता मी? तुम्हाला? तुम्ही तिथूनही माझ्यावरच ओरडला असता."

"आणि तू नऊ वर्षं मला मूर्ख बनवलंस!"

"आवाज खाली करा. मी तेव्हाच सांगणार होते. भावजीच नको म्हणाले."

"का?"

"म्हणाले, राहू द्या वहिनी, दादाला जिंकू द्या."

तोफेने इस्त्री केलेला शर्ट उचलून जमिनीवर फेकला. जिंकू द्या! पत्ते खेळताना पोर रडू नये म्हणून मोठी माणसं मुद्दाम हरतात, तसा हा धाकटा हरत बसला होता. पंप बदलत होता, पट्टे बदलत होता आणि वर गप्प बसत होता. इतका अपमान तोफेचा कोणी केला नव्हता. त्या दिवशी चारचौघांत बोलला तो अपमान याच्यापुढे काहीच नव्हता.

"शर्ट उचला," बायको म्हणाली. "मी काही उचलणार नाही."

त्याने उचलला नाही. टॉर्च घेऊन तो खाली गेला, बॉनेट उघडलं आणि एकेक रेघ तपासायला लागला. कुठेतरी चूक सापडलीच पाहिजे होती. घाईत राहून गेलेला एखादा नट, एखादी वाकडी गेलेली रेघ. रेडिएटर झाला, पट्टा झाला, पंप झाला. गुडघ्यांवर बसून त्याने खालूनही पाहिलं. तासाभराने त्याची कंबर धरली, शर्टाला तेल लागलं, आणि एकही रेघ तुटलेली सापडली नाही. त्याने गाडीच्या चाकाला लाथ मारली.

मग तो वर आला. स्वयंपाकघरातला खण ओढून त्यातली पकड घेतली आणि पुन्हा खाली गेला. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा बायको खिडकीशी गेली.

गॅरेजचं दार त्याने हॉर्न वाजवतच गाठलं. बाकावर थांबलेल्या गिऱ्हाइकाने वर्तमानपत्र खाली घेतलं. धाकटा एका गाडीखालून बाहेर सरकला. त्याचे केस पांढरे झाले होते. ते बघून तोफेचा आवाज क्षणभर बसला आणि मग दुप्पट चढला.

"झोपेत काम करतोस का रे? हे बघ! बॅटरीचा बोल्ट ढिला! रेघ बघ तुझी, कुठल्या कुठे गेलीय! उद्या रस्त्यात आग लागली असती म्हणजे?"

धाकट्याने फडक्याला हात पुसले. वाकला. बोल्टच्या डोक्यावरून त्याने अंगठा फिरवला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"हो," तो म्हणाला. "ढिला आहे."

"चूक कोणाची?"

"माझीच."

त्याने बोल्ट आवळला. जुनी रेघ रॉकेलने पुसून काढली. फळीवरची छोटी बाटली आणि बारीक कुंचला आणून नवी रेघ ओढली, सरळ, सावकाश. तोफ बाजूला उभा राहून धापा टाकत होता.

"आला आहेस तर पंपही बघून घेतो," धाकटा म्हणाला. "बस तिथे."

"गाडीच भिकार आहे," तोफ ओरडला. गिऱ्हाईक दचकलं. तोफ बाकावर जाऊन बसला.

धाकटा आत वाकला होता. पंपाचा एकेक बोल्ट त्याने पान्याने चाचपून पाहिला. मग मान वर न करता म्हणाला,

"दादा, पुढच्या वेळी पाना वापर. पकडीने बोल्टच्या कडा झिजतात."