छपरावरची केबल

प्रागजीने छपरावरून केबल खेचून काढली आणि तिचं काळं साल चाकूने उभं चिरलं. आतली जाळी बोट लागताच पांढरी भुकटी होऊन सांडली.

"बघा भाभी, खाऱ्या वाऱ्याने खाल्ली पार."

खाली अंगणात रळियातबेनने वर पाहिलं न पाहिलंसं केलं, आत जाऊन वायरलेसला कान लावला आणि पुन्हा बाहेर आली. तीन दिवस तिचं हेच चाललं होतं. वादळ ओसरल्यावर मांगरोळच्या बाकीच्या बोटी परतल्या होत्या, नाहीतर लांबून हाक तरी देत होत्या. तिच्या नवऱ्याची, वेलजी तांडेलची 'दरियालक्ष्मी' तेवढी गप्प होती.

"केबल माझ्या हातात आहे. आता सेटमध्ये काय ऐकताय?"

"तुम्ही हात चालवा. तोंड नंतर चालवा."

प्रागजीला राग आला नाही. बंदरावरच्या शंभरेक बोटींचे वायरलेस तोच सांभाळायचा, आणि तांडेलांच्या बायकांची बोलणी ही त्याची रोजची न्याहारी होती.

"काल दुपारी त्यांनी हाक मारली," ती म्हणाली. "खरखर होती, पण माझं नाव घेतलं."

"शेजारच्या बर्फाच्या कारखान्याची मोटर असेल."

"चोवीस वर्षं झाली, त्यांचं खोकणंसुद्धा ओळखते मी. मोटर कसली सांगता?"

तो शिडीवरून उतरला. पिशवीतून जाड केबलचं वेटोळं काढून त्याने टोक सोललं. मधे तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरं रबर, त्यावर पन्नी आणि वर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी, तीही दुहेरी.

"आवाज मधल्या तारेतून येतो. मोटर, वीज, बाहेरची सगळी कटकट या जाळीवरच अडते. तुमची ती टीव्हीची केबल होती, भाभी. जाळी कसली, गाळणी होती नुसती."

"लवकर करा."

त्याने जाळीचे केस मागे वळवले, एकही मधल्या तारेला शिवत नाही ना ते उजेडात धरून पाहिलं आणि पक्कडीने जोड दाबला. केबल वर एरियलला आणि खाली सेटला लागली. खरखर थांबली. बोटींवरचे आवाज शेजारी बसून बोलल्यासारखे येऊ लागले. कुणी डिझेल कमी पडल्याचं सांगत होतं, कुणी कुणाच्या तरी मेव्हण्याची टर उडवत होतं.

रळियातबेनने माइक ओढून घेतला.

"दरियालक्ष्मी, दरियालक्ष्मी. घरून बोलतेय."

सगळे बोलायचे थांबले. थोड्या वेळाने एकजण हळूच म्हणाला, "भाभी, आम्हीही सकाळपासून हाका मारतोय."

त्यानंतर काही नाही. सेट इतका स्वच्छ झाला होता की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. त्याने काही चोरलं असावं तशी रळियातबेन प्रागजीकडे पाहत राहिली.

"ती खरखर कुठे गेली?"

"गेली. साफ झाला सेट."

"त्यात ते होते हो."

प्रागजी खाली बसून हत्यारं गोळा करू लागला. तीही त्याच्यासमोर बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली.

"प्रागजीभाई, बोटीवर कोणती केबल आहे?"

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी वेलजीने त्याला बोटीवर बोलावून घेतलं होतं. घरी पातळ चालेल, पण दरियात सगळ्यात भारी घाल, असं बजावलं होतं. प्रागजीने स्वतः डोलकाठीवर चढून ती बांधली होती. जोडावर तीन पदरी पट्टी गुंडाळली होती. त्या केबलला मीठ शिवणं शक्य नव्हतं.

"टीव्हीचीच," तो म्हणाला. "पातळ."

"मग बोलतायत ते. इथवर पोचत नाहीये, एवढंच."

"हो भाभी. पोचत नाहीये."

तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि चुलीकडे गेली. पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

"रोटला खाऊन जा," तिने आतून सांगितलं.

प्रागजीला नाही म्हणता आलं नाही.